मोठे इंजेक्टर बसवल्यावर ईसीयूमध्ये काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

इंजेक्टर मोठे केले म्हणून इंजिन जास्त हवा ओढायला लागत नाही. हवा तेवढीच येते, फक्त पेट्रोल सोडणारी तोटी रुंद झालेली असते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. कारण ईसीयूमधलं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधलं, व्हीई टेबल, म्हणजे कोणत्या आरपीएमला आणि किती लोडला सिलिंडर किती भरतो याचा तक्ता, हवेबद्दल बोलतो. इंजेक्टरशी त्याचा संबंध नाही. तरीही नवे लोक पहिला हात त्यालाच घालतात. गाडी रिच चालते, म्हणजे पेट्रोल जास्त जातं, म्हणून एकेक चौकट खाली ओढत बसतात. आठवडाभर मेहनत होते, आणि एक दिवस हेडलाइट लावले की आयडलिंग परत बिघडतं.

बदलायचे असतात मुख्यतः दोन आकडे: इंजेक्टरचा फ्लो (मिनिटाला किती पेट्रोल सोडतो) आणि त्याचा डेड टाइम (उघड-बंद होण्यात जाणारा वेळ). बाकीची कामं या दोघांच्या मागोमाग येतात.

उदाहरणासाठी एक नेहमीची मांडणी घेऊ. १.६ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पोर्ट इंजेक्शन, नंतर बसवलेला टर्बो, मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा ईसीयू, लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ. जुने इंजेक्टर २४० सीसी प्रतिमिनिट, नवे ४४० सीसी. कंपनीचाच ईसीयू फ्लॅश करून वापरणाऱ्यांसाठी वेगळा भाग शेवटाकडे आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांना हे लागू नाही.

कायद्याचंही आधीच सांगतो. हे काम ट्रॅक, रॅली किंवा ऑटोक्रॉसच्या गाडीसाठी आहे. रस्त्यावरच्या गाडीत मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि विमा कंपनीही अपघातानंतर हाच मुद्दा काढू शकते.

काय काय जवळ हवं

- नव्या इंजेक्टरची माहितीपत्रिका: फ्लो, तो कोणत्या प्रेशरला मोजला, आणि व्होल्टेजनुसार डेड टाइमचा तक्ता
- वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर, ईसीयूला जोडलेला
- फ्युएल प्रेशर गेज
- मल्टिमीटर
- लॅपटॉप, आणि सध्याची ट्यून फाइल दोन ठिकाणी सेव्ह केलेली
- नव्या ओ-रिंग आणि त्यांना लावायला थोडं इंजिन ऑइल
- जुळणारे कपलर
- बॅटरी चार्जर, कारण लॅपटॉप लावून तासभर इग्निशन चालू ठेवलं की बॅटरी उतरतेच
- पावडरचा अग्निशामक, हाताशी, डिकीत नव्हे

यात माहितीपत्रिका सगळ्यात महत्त्वाची. ती नसलेले इंजेक्टर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. डेड टाइमचा तक्ता नसेल तर तो शोधून काढण्यात वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त पेट्रोल जातं. चारही इंजेक्टरचा फ्लो एकमेकांशी जुळवलेला आहे, असा चाचणीचा कागदही मागा.

१. इंजेक्टर बसवण्याआधी मोजून घ्या

मल्टिमीटरने प्रत्येक इंजेक्टरचा रेझिस्टन्स बघा. १२ ते १६ ओहम आला तर तो हाय इम्पिडन्स, सरळ जोडता येतो. २ ते ५ ओहम आला तर लो इम्पिडन्स. अडीच ओहमच्या कॉइलमधून १४ व्होल्टला साडेपाच अँपिअरपर्यंत करंट जाऊ शकतो, आणि साध्या ड्रायव्हरचा ईसीयू त्याने जळतो. त्यासाठी पीक-अँड-होल्ड ड्रायव्हर (आधी जास्त, मग कमी करंट देणारा) तरी हवा, नाहीतर प्रत्येक इंजेक्टरला सिरीजमध्ये रेझिस्टर. रेझिस्टर लावला की इंजेक्टर उशिरा उघडतो, म्हणजे पत्रिकेतला डेड टाइम जसाच्या तसा चालत नाही. आज चांगले हाय इम्पिडन्स इंजेक्टर सहज मिळतात, त्यामुळे नवीन माणसाने या भानगडीत पडू नये.

मग प्रेशर. फ्लोचा आकडा बहुतेक वेळा ३ बारला दिलेला असतो. तुमच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, वेगळं प्रेशर असेल तर फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३ बारला ४४० सीसी देणारा इंजेक्टर ४ बारला ५०८ सीसी देतो. जुन्या आणि नव्या इंजेक्टरचे आकडे एकाच प्रेशरला आणून मगच तुलना करा.

पेट्रोलचं प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) व्हॅक्यूम नळी जोडलेली आहे का तेही बघून ठेवा. ती असेल तर इंजेक्टरच्या दोन टोकांमधला प्रेशरचा फरक कायम राहतो. नसेल, म्हणजे रिटर्नलेस रेल असेल, तर गणित बदलतं. रेलमध्ये ४ बार धरले तर आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये ०.६ बार व्हॅक्यूम असताना फरक ४.६ बार होतो, आणि १ बार बूस्टला (टर्बोने हवा दाबून भरली की) तो ३ बारवर येतो. म्हणजे नेमकं जास्त पेट्रोल हवं तेव्हा इंजेक्टरचा फ्लो १३ टक्क्यांनी घटलेला असतो. अशा गाडीत टर्बो असेल तर व्हॅक्यूम नळीचा रेग्युलेटर बसवा, किंवा ईसीयूत प्रेशरचं करेक्शन चालू करा.

२. बसवा आणि गळती तपासा

इंजिन थंड असताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा आणि आपोआप बंद पडू द्या, म्हणजे रेलमधलं प्रेशर उतरतं. तरी नळी सोडताना खाली कापड धरा. बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असू द्या. ओ-रिंगला ऑइलचं बोट लावून इंजेक्टर सरळ दाबा; तिरका दाबला की रिंग कापली जाते आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. बसलेला इंजेक्टर हाताने गोल फिरला पाहिजे.

मग बॅटरी आणि फ्यूज जोडा, सेल्फ न मारता दोन-तीनदा फक्त इग्निशन चालू-बंद करा. पंप प्रत्येक वेळी काही सेकंद चालतो. टॉर्च घेऊन आठही ओ-रिंग बघा. गेजवर प्रेशर बघा. पंप थांबल्यावर काटा झपाझप खाली येत असेल तर कुठेतरी गळती आहे, कदाचित इंजेक्टरच्या तोंडातूनच. तसं असताना सेल्फ मारू नका.

३. रिक्वायर्ड फ्युएल बदला

ही संख्या ईसीयूला सांगते की भरलेल्या एका सिलिंडरला पुरेल इतकं पेट्रोल सोडायला इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा हवा. ट्यूनरस्टुडिओत त्यासाठी कॅल्क्युलेटर आहे. इंजिनाचे सीसी, सिलिंडर, इंजेक्टरचा फ्लो आणि हवा-पेट्रोल प्रमाण टाकलं की उत्तर येतं.

पण इथे मोठा खड्डा आहे. गाडी आधीपासून ट्यून केलेली असेल तर कॅल्क्युलेटर वापरू नका. जुनं व्हीई टेबल जुन्या रिक्वायर्ड फ्युएलच्या आधारावर जुळवलेलं आहे, आणि तो आकडा कदाचित कोणीतरी हाताने टाकलेला आहे. कॅल्क्युलेटरने नवा आकडा काढला तर तो पाया हलतो. त्याऐवजी जुन्या आकड्यालाच फ्लोच्या प्रमाणाने गुणा:

नवा आकडा = जुना आकडा × जुना फ्लो ÷ नवा फ्लो

आपल्या उदाहरणात जुना आकडा ११.९ मिलिसेकंद धरू. ११.९ × २४० ÷ ४४० = ६.५ मिलिसेकंद. एवढंच टाका. व्हीई टेबल तसंच राहू द्या.

गाडी पहिल्यांदाच ट्यून होत असेल तर मात्र कॅल्क्युलेटर योग्य. तिथे पेट्रोलचं प्रमाण १४.७ टाकण्याची सवय सोडा. ते इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचं आहे. भारतात पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि त्याचं प्रमाण साधारण १३.५ पडतं. १४.७ टाकून बसलात तर सगळं गणित आठेक टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी, निघतं. पुढे सगळीकडे लॅम्डामध्येच बोला. लॅम्डा १ म्हणजे पूर्ण जळण, पेट्रोल कुठलंही असो. प्रमाण दाखवणारं मीटर लॅम्डाला १४.७ ने गुणून आकडा दाखवतं, त्यामुळे ई२० भरलेलं असताना त्यावर १४.७ दिसलं तरी ते लॅम्डा १ च असतं.

दर सायकलला किती स्क्वर्ट (पेट्रोलचे फवारे) निवडले आहेत तेही बघा. दोन असतील तर तेवढंच पेट्रोल दोन हप्त्यांत जातं आणि प्रत्येक पल्स, म्हणजे इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ, निम्मा होतो. मोठ्या इंजेक्टरला निम्मा पल्स आयडलिंगला झेपत नाही. सिक्वेन्शियल वायरिंग (प्रत्येक इंजेक्टर स्वतंत्र चालवणारं) असेल तर सायकलला एकच ठेवा.

४. डेड टाइम: इथे घाई नको

ईसीयूने करंट दिल्यापासून इंजेक्टरची सुई प्रत्यक्ष उचलली जाईपर्यंत वेळ जातो. बंद होतानाही थोडा जातो. या दोन्हींचा हिशेब म्हणजे डेड टाइम. ईसीयू हवा तेवढा पल्स काढतो आणि त्यात डेड टाइम मिळवतो. व्होल्टेज पडलं की सुई उशिरा उचलली जाते, म्हणून हा एक आकडा नसतो, तक्ता असतो. नमुना म्हणून: १४ व्होल्टला ०.९५ मिलिसेकंद, १२ ला १.३, १० ला १.९. तुमच्या इंजेक्टरचे आकडे पत्रिकेतूनच घ्या, तुमच्या रेलमध्ये आहे त्याच प्रेशरच्या रकान्यातून.

मोठ्या इंजेक्टरला हे जास्त का झोंबतं ते आकड्यांत बघा. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये ३५ किलोपास्कल आणि व्हीई ४५ धरलं तर पेट्रोलचा पल्स येतो ६.५ × ०.३५ × ०.४५ = १.०२ मिलिसेकंद. डेड टाइम ०.२ ने जास्त भरला असेल तर आयडलिंगला २० टक्के जास्त पेट्रोल जातं, लॅम्डा ०.८४ च्या आसपास. फुल बूस्टला पल्स १४ मिलिसेकंदांच्या घरात असतो, तिथे तीच चूक दीड टक्काही नाही. म्हणून पळताना गाडी उत्तम आणि सिग्नलला धूर, अशी तक्रार आली की बोट डेड टाइमकडे दाखवायचं.

कुठे भरायचं हे ईसीयूवर अवलंबून. मेगास्क्वर्टच्या जुन्या फर्मवेअरमध्ये १३.२ व्होल्टचा एक आकडा आणि प्रति व्होल्ट फरक अशी जोडी असते. पत्रिकेतल्या दोन नोंदींमधून तो फरक काढा: १२ आणि १४ मध्ये ०.३५ चा फरक, म्हणजे प्रति व्होल्ट सुमारे ०.१८. स्पीडुइनोमध्ये व्होल्टेजची दुरुस्ती फक्त ओपन टाइमवर लावायची की संपूर्ण पल्सवर, असा पर्याय आहे. ओपन टाइमच निवडा. संपूर्ण पल्सवर लावली तर लोडला हेडलाइट-पंखा चालू होताच मिश्रण भलतंच रिच होतं.

५. पहिला सेल्फ

क्रँकिंग पल्स, म्हणजे सेल्फ मारतानाचा पल्स, काही फर्मवेअरमध्ये टक्क्यांत असतो, काहींत थेट मिलिसेकंदांत. टक्क्यांत असेल तर तो आपोआप बदलला आहे. मिलिसेकंदांत असेल तर त्यालाही त्याच ०.५४५ ने गुणा. हे विसरलं की पहिल्या दोन सेल्फमध्ये प्लग ओले होतात, आणि मग सगळं बरोबर असूनही गाडी सुरू होत नाही.

फ्लड झालीच तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. फ्लड क्लिअर चालू असेल तर त्या अवस्थेत ईसीयू पेट्रोल सोडत नाही आणि सिलिंडर कोरडे होतात. तरी नाहीच झालं तर प्लग काढून पुसा. असे बरेच प्रयत्न झाले असतील तर ऑइलची डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

६. आयडलिंग

ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती बंद करा. ती चालू असेल तर ईसीयू तुमच्या चुका झाकतो आणि तुम्ही झाकलेलाच आकडा बघत राहता. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, कूलंट ८५ अंशांच्या वर, म्हणजे वॉर्मअपचं जादा पेट्रोल शून्यावर आलेलं असतं.

आता व्हीईला हात न लावता लॅम्डा बघा. जुन्या इंजेक्टरवर होता तितकाच आला तर छान. नाही आला तर हेडलाइट, मागची काच गरम करणारी तार, एसीचा पंखा एकेक लावत व्होल्टेज पाडा. व्होल्टेज पडताना मिश्रण लीन होत गेलं तर कमी व्होल्टेजचा डेड टाइम अपुरा. रिच होत गेलं तर जास्त.

खूपच मोठे इंजेक्टर लावले असतील तर इथे भिंत लागते. याच इंजिनाला १००० सीसी लावले तर आयडलिंगचा पल्स ०.४५ मिलिसेकंदांवर येतो. एवढ्या छोट्या पल्सला सुई पूर्ण उघडत नाही आणि प्रत्येक वेळी वेगळं पेट्रोल पडतं. ट्यूनने हे पूर्ण सुटत नाही. छोट्या पल्सचं करेक्शन देणारा ईसीयू आणि तशी माहिती देणारा इंजेक्टर असेल तरच बरं चालतं. गरजेपेक्षा मोठे इंजेक्टर घेऊन ठेवू नका, असं म्हणतात ते यासाठी.

७. फ्लो चुकला की डेड टाइम, हे ओळखा

गाडी डायनोवर (जागेवरच चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा मोकळ्या ट्रॅकवर घ्या, बूस्ट न येईल इतपतच रेस द्या, आणि लॉग घ्या. मग दोन ठिकाणं तपासा: आयडलिंग, आणि मध्यम लोडला स्थिर २५०० आरपीएम.

दोन्हीकडे सारख्याच टक्क्यांनी रिच किंवा लीन असेल तर फ्लोचा आकडा चुकला आहे. रिक्वायर्ड फ्युएल तेवढ्याच टक्क्यांनी हलवा. आयडलिंगला चूक मोठी आणि लोडला जवळपास नाही, तर डेड टाइम. आयडलिंग ठीक आणि लोड वाढत जाईल तसं लीन, तर ट्यून सोडा आणि प्रेशर गेज बघा. पंप कमी पडतोय किंवा फिल्टर चोंदलाय.

डेड टाइमची पक्की परीक्षा हवी असेल तर त्याच स्थिर लोडला सायकलला एक स्क्वर्ट आणि दोन स्क्वर्ट अशी तुलना करा. मधे ईसीयू बंद करून चालू करावा लागतो. दोन स्क्वर्टला इंजेक्टर दुप्पट वेळा उघडतो, म्हणून डेड टाइमची चूकही दुप्पट होते. दोनवर रिच झालं तर भरलेला आकडा जास्त आहे, लीन झालं तर कमी. लॅम्डा हलला नाही तर आकडा बरोबर. ही परीक्षा आयडलिंगला करू नका, तिथला पल्स निम्मा झाला की तो भरवशाच्या मर्यादेखाली जातो.

८. बूस्ट, पण हिशेब करून

इतकं जुळल्यावरच पूर्ण लोड. आधी कागदावर बघा. ६५०० आरपीएमला एक सायकल १८.५ मिलिसेकंदांची. १८० किलोपास्कल, व्हीई ९५, लक्ष्य लॅम्डा ०.८०: ६.५ × १.८ × ०.९५ ÷ ०.८ = १३.९, अधिक डेड टाइम ०.९५. म्हणजे १४.८ मिलिसेकंद, ड्यूटी (सायकलच्या किती भागात इंजेक्टर उघडा) ८० टक्के. बरोबर काठावर. जुन्या इंजेक्टरला याच कामासाठी २५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले असते, म्हणजे सायकलच पुरली नसती. ८५ टक्क्यांच्या वर कायम चालवू नका. तिथे इंजेक्टर नीट बंद व्हायला वेळ उरत नाही.

टर्बोला पूर्ण लोडवर लॅम्डा ०.७८ ते ०.८०, टर्बो नसलेल्याला ०.८६ ते ०.८८, क्रूझिंगला १. बूस्ट टप्प्याटप्प्याने वाढवा, आणि लॅम्डा लक्ष्यापेक्षा ०.०५ ने जरी लीन दिसला तरी लगेच पाय उचला. नंतर लॉग बघता येतो, वितळलेला पिस्टन परत येत नाही.

९. राहिलेली कामं

अॅक्सिलरेशनचं जादा पेट्रोल मिलिसेकंदांत असेल तर ०.५४५ ने गुणा. नाहीतर पाय दाबला की गाडी गुदमरते आणि काळा धूर येतो. वॉर्मअप आणि आफ्टरस्टार्ट टक्क्यांत असतात, त्यांना सहसा काही लागत नाही. तरी खात्री थंड इंजिनावरच होते, आणि तशी संधी दिवसात एकदाच, सकाळी मिळते. ऑक्सिजनची दुरुस्ती सगळ्यात शेवटी परत चालू करा.

कंपनीचा ईसीयू फ्लॅश करणाऱ्यांसाठी

तत्त्व तेच, नावं वेगळी. मित्सुबिशी इव्हो किंवा सुबारूच्या रॉममध्ये इंजेक्टर स्केलिंग आणि लेटन्सी असे दोन तक्ते सापडतात. फोक्सवॅगन-ऑडीच्या १.८ टर्बोमधल्या बॉश एमई७ मध्ये केआरकेटीई हा स्थिरांक आणि टीव्हीयूबी हा डेड टाइमचा तक्ता. केआरकेटीई उलट्या दिशेने चालतो: इंजेक्टर मोठा, तर आकडा छोटा. फ्लॅश केल्यावर जुने फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने स्वतः शिकलेल्या पेट्रोलच्या दुरुस्त्या, स्कॅनरने पुसा. नुसती बॅटरी काढून ते प्रत्येक गाडीत पुसले जात नाहीत. नंतर लाँग टर्म आणि शॉर्ट टर्म ट्रिमची बेरीज आयडलिंगला आणि क्रूझिंगला वेगवेगळी बघा आणि सातव्या पायरीचीच परीक्षा लावा.

एक रस्ता मात्र पूर्ण टाळा: एअर फ्लो सेन्सरचा सिग्नल कमी दाखवून मोठ्या इंजेक्टरचं पेट्रोल कापणं. त्यासाठी छोटे पिगीबॅक डबे (सेन्सर आणि ईसीयूच्या मधे बसणारे) मिळतात आणि लॅम्डा खरंच बरोबर दिसतो. पण ईसीयूला वाटतं हवा कमी आली, म्हणजे लोड कमी. मग तो इग्निशन टायमिंग, म्हणजे स्पार्क किती आधी (अॅडव्हान्स) पाडायचा ते, कमी लोडच्या रकान्यातून उचलतो, आणि तिथे अॅडव्हान्स जास्त असतो. पूर्ण बूस्टला हलक्या लोडचं टायमिंग मिळालं की नॉकिंग होतं, म्हणजे मिश्रण सिलिंडरमध्ये आपोआप भडकतं. टर्बो इंजिनाच्या एक्झॉस्टच्या आवाजात ते ऐकूही येत नाही, पिस्टनच्या कडा तुटल्यावर कळतं.